चादर उजळली का?

सून: रिव्हर्स टाकलात का, बाबा?

सासरे: टाकला. केव्हाचा टाकलाय.

सून: इंजिन बंद, पण किल्ली चालू आहे ना?

सासरे: सूनबाई, या व्हॅनमध्ये मी बावीस वर्षं बसतोय. किल्ली चालू आहे.

सून: मग चादर उजळली का?

सासरे: कुठली चादर?

सून: मागे दोरीवर बांधलीय ती. मघाशी सांगितलं ना. दिवा लागला की चादरीवर उजेड पडेल, तुम्हाला आरशात दिसेल, आणि मला दर वेळी मागे पळावं लागणार नाही. शटर त्यासाठीच खाली ओढलंय.

सासरे: हां हां, ती होय! दिसतेय की. स्वच्छ दिसतेय. उजेड नाही पण.

सून: म्हणजे बल्ब नाही. दोन बल्ब ठरवून एकाच दिवशी जात नाहीत.

सासरे: हे वाक्य माझं आहे.

सून: तुमचंच आहे. फ्यूज पण बघितला, शाबूत आहे.

सासरे: मग वायरिंग. जुनी गाडी, कुठे कुठे शोधत बसणार? सोड. मी तशीच नेतो पासिंगला.

सून: तीन वाजता पासिंग आहे. मागचा दिवा लागला नाही तर सरळ परत पाठवतील. उद्या सकाळी हॉस्पिटलच्या धुतलेल्या चारशे चादरी कशातून पोचवायच्या? डोक्यावरून?

सासरे: तिथला साहेब माझ्या ओळखीचा आहे.

सासूबाई: तो साहेब निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. चहा आणलाय.

सासरे: तू कशाला मध्ये आलीस?

सासूबाई: मध्ये कुठे? दारात आहे.

सून: आता गिअरबॉक्सवरचा स्विच तेवढा राहिला. रिव्हर्स पडला की तोच दिव्याला करंट देतो. मी खाली जाऊन बघते.

सासरे: खाली नको जाऊस. तिथे काही नाही.

सून: तुम्हाला कसं माहीत?

सासरे: म्हणजे, असून असून काय असणार? तेल आणि माती.

सून: चाकांना ठोकळे लावलेत, हँडब्रेक ओढलेला आहे. आई, तो टॉर्च द्या जरा.

सासूबाई: हा घे. सांभाळून गं. अहो, तुमचा चहा.

सासरे: ठेव तिथे.

सासूबाई: हातातच देते.

सासरे: साखर कमी आहे.

सासूबाई: आहे. मागच्या आठवड्यात गाडी मागे घेताना गेट लागलं. त्याआधी शेजारच्यांची कुंडी. त्याआधी त्यांचीच दुसरी कुंडी.

सासरे: दिवा बंद होता.

सासूबाई: आणि परवा हॉस्पिटलच्या उतारावर त्या वॉर्डातल्या मावशी. ट्रॉली सोडून बाजूला झाल्या म्हणून वाचल्या.

सासरे: दिवा बंद होता म्हटलं ना! त्यांनाही पटलं. चूक गाडीची होती.

सासूबाई: गाडी बिचारी बोलत नाही.

सून: बाबा.

सासरे: काय?

सून: स्विचचं सॉकेट निघालंय.

सासरे: निघणारच. खड्डे काय कमी आहेत रस्त्यात?

सून: आणि निघाल्यावर त्याने स्वतःला टेप गुंडाळून घेतली?

सासरे: कसली टेप?

सून: काळी. चार वेढे. टोक दुमडलेलं.

सासरे: बरेच लोक दुमडतात.

सून: ‘टोक दुमडायचं, म्हणजे पुढच्या माणसाची नखं तुटत नाहीत.’ पहिल्याच दिवशी शिकवलंत मला. तुमच्याशिवाय दुसरं कोणी टोक दुमडताना मी अजून पाहिलं नाही. तुमचे चिरंजीव तर टेप दातानं तोडतात.

सासरे: तुझा चहा गार होतोय.

सून: का काढलंत, बाबा?

सासरे: बॅटरी खातो तो दिवा.

सासूबाई: मागे जाताना? किती लांब मागे जाता तुम्ही?

सून: राहू दे. मी बसवते. बसलं की खटका ऐकू येईल. मग रिव्हर्स काढून परत टाका आणि मला सांगा.

सासरे: बसव, बसव.

सून: बसलं. टाका.

सासरे: टाकला. लागला! शाब्बास पोरी! चादर काय लख्ख उजळलीय!

सून: नक्की?

सासरे: अगं, कडेची शिवणसुद्धा दिसतेय. झालं काम. ये बाहेर, हात धू. मी निघतो पासिंगला.

सासूबाई: अहो.

सासरे: आता काय?

सासूबाई: चादर माझ्या हातात आहे.

सासरे: कधी काढलीस?

सासूबाई: तुम्हाला चहा दिला तेव्हाच. गठ्ठ्यात एक कमी भरत होती.

(मागचे दोन्ही दिवे, कोणाचं काही बिघडलं नसल्यासारखे, व्यवस्थित जळत आहेत.)

सासरे: लागलाय ना पण?

सून: लागलाय. दोन्ही लागलेत.

सासरे: मग मी अगदीच खोटं नाही बोललो.

सून: कधीपासून असं होतंय, बाबा?

सासरे: झाले चार-पाच महिने. उन्हात ठीक असतं. सावलीत शिरलो की सगळं पाण्यात बुडाल्यासारखं.

सून: आणि दिवा कशाला बंद पाडलात?

सासरे: दिवा चालू असताना गेट लागलं तर लोक माणसाकडे बघतात. बंद असला की दिव्याकडे बघतात.

सासूबाई: मी तुमच्याकडेच बघत होते.

सासरे: मग बोलली का नाहीस?

सासूबाई: तुम्ही सांगाल म्हणून वाट बघितली. परवा त्या मावशींचं ऐकलं, रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. गठ्ठा पुरा आहे. चादर मुद्दाम काढली.

सून: उद्या चादरी पोचवल्या की डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ. मोतीबिंदू असला तर निघतो.

सासरे: आणि नसला तर? मला भीती वाटते गं. सगळे मला ‘व्हॅनवाले’ म्हणतात. सीटवरून उतरलो की काय म्हणतील?

सासूबाई: मी ‘अहो’ म्हणेन. आत्ता म्हणते तसंच.

सून: उतरा, बाबा. पासिंगला मी नेते. आणि उद्या हॉस्पिटललाही मीच.

सासरे: हिचा रिव्हर्स जरा अडतो. आधी दुसरा टाकायचा, मग हलक्या हातानं...

सून: माहीत आहे. तुम्हीच शिकवलंय.

सासरे: हं. शिकवलं खरं. सीट पुढे घे, तुझे पाय पुरायचे नाहीत. किल्ली लावलेलीच आहे.

सासूबाई: उतरलात ना? मग या चादरीचं दुसरं टोक धरा. एकटीला घडी जमत नाही.

सासरे: चारशे चादरींच्या घड्या घातल्यास ना काल?

सासूबाई: ही जमत नाही. डावीकडे. अजून थोडं. हां.

सून: ठोकळे काढले, शटर वर केलं. बाहेर काढतेय मी. मागे कोणी नाही ना, बाबा?

सासरे: ते तू बघ. मी चादर धरलीय.