जांबची गाडी कम्प्युटरात सापडंना

...न्हाई, ही स्पर्धा आहे का परीक्षा, येवढंच सांगा मला! तुम्हाला सांगतो, मागच्या हप्त्यात जालन्याला एका कॉलेजात परीक्षक म्हणून गेल्तो, प्रोग्रामिंगची स्पर्धा, साठ पोरं साठ मशीनवर, माना खाली, कोणी कोणाशी बोलून राह्यलं न्हाई, आणि मी मधातून फिरून राह्यलो मयतीला आल्यासारखा. शेवटी साठ प्रोग्राम तयार. सगळे बराबर. पण जोडायचं कोणी?

आमची अंबडची स्पर्धा पाहायला पाहिजे होती तुम्ही, अठ्ठ्याण्णव सालची. माझा क्लास तेव्हा बाजारात एका दुकानाच्या माडीवर, कम्प्युटर चार, पोरं बारा. आता चार मशीनवर बारा जणांची स्पर्धा घ्यायची कशी? म्हणलं तिघातिघांची टोळी करू आणि चारी टोळ्यांनी मिळून एकच प्रोग्राम करायचा, यष्टीच्या टाइमटेबलचा. एकीनं गावांची नावं भरायची, दुसरीनं गाड्यांच्या वेळा, तिसरीनं गाव टाकलं की गाडी शोधून द्यायची, चौथीनं ते कागदावर छापायचं. घराची दारं-खिडक्या कशा अलग अलग ठिकाणी करून आणतेत, तसं. आणि नियम एकच: तुमचा तुकडा दुसऱ्यांच्या तुकड्यासंगं चालला तर मार्क, एकटा चालला तर भोपळा.

त्या नियमावर काय खूश होतो मी... पण पोरं पहिलीपासून परीक्षाच देत आलेली हो! पंधरा दिवस काम करून राह्यली, आणि कोणी मागून गेलं की स्क्रीनवर टॉवेल. वेळांच्या टोळीत धर्मराज होता, तो तर फ्लॉपी बनियनात घालून घरी न्यायचा. का रे, म्हणलं, तर म्हणे गाववाली टोळी कॉपी मारती. अरे बाबा, त्यांच्यासाठीच तर करून राह्यला तू! तुकडे बराबर होते एकेकाचे, पण टॉवेलाखाली. जोडायचं कोणी?

आणि त्या गाववाल्या टोळीत कौसल्या. बारावी झालेली, बिलकुल कमी बोलणारी, पण डोकं असं की मीच तिला दोन दोन बार इचारायचो. स्पर्धेच्या आदल्या दिवशी जिन्यात थांबली अन् सांगितलं, तिचे वडील साहेबराव स्थळं पाहून राह्यलेत. उद्या काही दिसलं तर ठीक, न्हाई तर सोमवारपासून क्लास बंद.

रविवारी पालक बाकड्यावर बसले, साहेबराव कोपऱ्यात, हाताची घडी घालून. पाहुणे म्हणून तातेराव, यष्टीचे रिटायर कंट्रोलर, जांब समर्थहून सकाळच्या गाडीनं खास आल्ते. चारी फ्लॉप्या एका मशीनमधी उतरवल्या. तातेराव म्हणाले, आमचं जांब टाका. कौसल्यानं टाकलं. स्क्रीनवर इंग्रजीत आलं, या गावाला गाडी न्हाई.

तातेरावांनी चष्मा पुसला, परत वाचलं.

"मंग मी सकाळी आलो कशात?"

माडी हसली. साहेबराव हसले न्हाईत. आणि चारी टोळ्या एकदमच, आमचं बराबर आहे सर, आमचं चालतंय सर... चालतंय रे, सगळ्यांचं चालतंय, पण जोडायचं कोणी? मी उठणारच होतो, तेवढ्यात कौसल्या धर्मराजपुढं जाऊन उभी राह्यली.

"धर्मा, तुझी फाइल दाखव."

त्यानं माझ्याकडं पाह्यलं, आपल्या बापाकडं पाह्यलं, आणि स्क्रीनवरचा टॉवेल काढला.

तिच्या टोळीनं जांब लिहिलं होतं जे ए एम बी. ह्यानं त्याच्यामागं एक एच लावला होता. मशीनला काय, दोन गावं! त्या एचवर पंधरा मिनिटं भांडणं. मंग तातेराव म्हणाले, स्टँडवर लोकं गावाला काही का म्हणेनात, आम्ही पाटीवर एकच नाव लिहायचो, गाडी पाटीवरच्या नावानं जायची. कौसल्यानं खडू घेतला. फळ्यावर एकेक गाव लिहून सगळ्यांना इचारू लागली, असं चालंल का, बोला. आष्टीला धर्मराजचं बराबर निघालं तर स्वतःचं पुसलं. हळूहळू बाराही पोरं एका मशीनभोवती, एक वाचून राह्यला, दुसरा टाइप करून राह्यला, कोणाची फाइल कोणाच्या हातात पत्ता न्हाई. मी परीक्षक आहे हे कोणाच्या ध्यानात नव्हतं. माझ्याही. ती बारा डोकी अजून दिसतेत मला...

परत जांब टाकलं. प्रिंटर कर्र कर्र करून कागद बाहेर आला: शेवटची गाडी, पाच वाजून दहा मिनिटं. तातेरावांनी कागद लांब धरून वाचला, मंग घड्याळ पाह्यलं. साडेपाच.

"बराबर आहे," म्हणाले. "गेली."

जिना उतरताना साहेबराव माझ्याकडं न पाहता बोलले, सोमवारी कितीला पाठवायची? पुढं चार वर्षं आली ती. आता पुण्यात पन्नास माणसं तिच्या हाताखाली काम करतेत.

तातेरावांना मंग मी घरीच आणलं, दुसरा इलाज काय? जेवताना आमच्या बायकोनं, उषाबाईनं इचारलं, पहिला नंबर कोणाचा आला? म्हणलं, कोणाचाच न्हाई, तसा नियमच होता.

"मंग दिवसभर इतक्या लोकांनी केलं काय?"

तातेराव खाली पाहून भाकरी चुरून राह्यले. मी म्हणलं, एक एच काढला. वाढ.