पिंपातले पाहुणे

(लालबागमधला पालिकेचा दवाखाना. पूर्वीच्या लेकीचं, ओवीचं, रक्त तपासायला आत गेलंय. सोबत पूर्वीची सासू शेवंती आणि त्यांच्या भागातली आरोग्यसेविका दीपिका.)

दीपिका : पण मावशी, महिन्यापूर्वी मीच तुमच्या गॅलरीतल्या पिंपात दहा गप्पी मासे सोडले. डासांच्या अळ्या खायला. आणि आज बघते तर त्यातच अळ्या वळवळतायत! मासे मेले का?

शेवंती : मरतले कशाक? गरगरीत झाले आसत.

पूर्वी : ताई, रिपोर्टला किती वेळ? दोन दिवस ताप उतरत नाहीये. शेजारी डेंग्यू निघालाय, ही जेमतेम दहा महिन्यांची...

दीपिका : येईल गं अर्ध्या तासात. बघ, कशी हसतेय माझा बॅज ओढत! पण मावशी, जिवंत मासे अळ्या सोडतात कसे?

शेवंती : माका काय म्हायत.

पूर्वी : आई, रोज सकाळी वाटी घेऊन गॅलरीत जाता... ती कावळ्यालाच ना?

शेवंती : कावळ्याकपण.

दीपिका : पण?

शेवंती : वायच भात. दोन शितां.

पूर्वी : वाटी भरलेली असते!

शेवंती : मगे? धा जण आसत ते!

दीपिका : अगं बाई! मासे जेवून सुस्त, अळ्या मजेत!

शेवंती : संकष्टीक साबुदाणो घातलंय. एक दाणो ठेवूक नाय.

पूर्वी : आणि मी शोधतेय डब्यातला साबुदाणा कुठे जातो!

दीपिका : मालवणी माणूस मासे खातो, मावशी. त्यांना भरवणारी पहिलीच बघतेय!

शेवंती : हसा, हसा. घराक इलेल्याक उपाशी ठेवूचा? मिलच्या दिवसात पंधरा गाववाल्यांका जेवण घातलंय त्याच खोलीत.

दीपिका : हे पाहुणे नाहीत हो, ड्युटीवर आहेत! अळ्या हाच त्यांचा डबा. आज पिंप घासून सुकवा, मग सोडा परत. भात बंद.

शेवंती : म्हणजे... पोरीक ताप माझ्या त्या भातान इलो?

पूर्वी : असं काही नाही, आई.

शेवंती : तू गप. ताईक विचारतंय.

दीपिका : थांबा, आत बोलावतायत... आले हं.

पूर्वी : आई, माझा हात सोडा, दुखतोय.

शेवंती : तू धर माझो.

दीपिका : मलेरिया नाही! डेंग्यू नाही! डॉक्टर म्हणाले, साधा ताप आहे. औषध द्या, पुन्हा चढला तर लगेच आणा.

पूर्वी : ओवे! माझी बाय ती! ऐकलंस? नाही म्हणाले, नाही!

शेवंती : देवा म्हाराजा...

पूर्वी : आई, बसा बघू. भिंत धरून काय उभ्या! सकाळी काही खाल्लंत?

शेवंती : माशांका घातलंय.

पूर्वी : मी तुमचं विचारतेय.

शेवंती : पोरगी तापान फणफणता. घास घशाखाली उतरतलो कसो?

पूर्वी : म्हणजे कालपासून?... चला घरी. आज ती वाटी तुमची. मी समोर बसणार, एक शीत ठेवायचं नाही.