डीपीवरचा चकवा

ऐका गं सगळ्याजणी. पोरांनो, तुम्हीपण ऐका. पण आधी जवळ सरका. आर्वी, तू माझ्या मांडीवर ये. आणि बोर्डाकडं कोण हात घालतंय तिकडं? नाही आली अजून लाइट. खाली बस बघू. हां.

तर ही गोष्ट माझीच. खोटी वाटली तर या बसल्यात माझ्या सासूबाई, आत्याबाई म्हणते मी त्यांना, त्यांना विचारा.

ओढ्याकाठची डीपी, लाइटीचा ट्रान्सफॉर्मर, माहीत आहे ना? आता नवी आहे. मी सांगते ती जुनी. गंजलेली, तेल गळणारी, दिवसरात्र घूंऽऽ करणारी. आमच्या ह्यांच्या जन्माआधी बसवलेली. तिथं पूर्वी मोठं चिंचेचं झाड होतं आणि त्यावर चकवा राहायचा. चकवा म्हणजे वाट चुकवणारं भूत. लाइन ओढायला झाड तोडलं. आता चकव्यानं जायचं कुठं? चढला डीपीवर! आत्याबाई हे सांगायच्या आणि मी हसायची. सातवी शिकलेली ना मी, मला फार कळत होतं!

तेव्हा आर्वी सात महिन्यांची. मी नवंच उबवणीचं मशीन आणलेलं. गावरान अंडी ठेवायची, एकवीस दिवस ऊब द्यायची, की पिल्लं. पण त्याला लाइट लागते सारखी. पहिल्या खेपेला सतराव्या दिवशी लाइट गेली ती दोन दिवस आलीच नाही. एकही पिल्लू निघालं नाही. खड्डा करून पुरली सगळी अंडी. मला घास गिळेना. त्यात आत्याबाई म्हणतात कशा, "बया, खुडूक कोंबडीला कधी लोडशेडिंग असतंय का गं?"

हसा, हसा. मला नव्हतं आलं हसू.

दुसऱ्या खेपेला साठ अंडी ठेवली. विसावा दिवस उजाडला. उद्या पिल्लं! मी दर घटकेला मशीनच्या काचेला नाक लावून बघायची. आणि दिवेलागणीला, खट्! लाइट गेली.

आमचे हे दुधाच्या टेम्पोवर, सकाळशिवाय येत नाहीत. मी जालिंदरभाऊ वायरमनला फोन लावला. ते म्हणाले, "वहिनी, वरनंच बंद आहे. कधी येईल सांगता येत नाही. ओढ्यापलीकडं बघा, त्यांची लाइन वेगळी आहे."

बघितलं. मोरेवस्तीवर दिवे लखलखत होते! तिथं माझी मैत्रीण शकू राहते. तिच्या बल्बखाली ठेवली असती अंडी रातभर.

मग काय! दुरडीत भुस्सा घातला, अंडी मांडली, वर आर्वीची दुपटी, त्यावर घोंगडी. आर्वीला आत्याबाईंच्या कुशीत दिलं.

"डीपीच्या वाटेनं जाऊ नको," त्या म्हणाल्या. "लांबून पुलावरनं जा."

"तोवर गार होतील ओ!"

"ऐकायचं नसंल तर एवढं तरी ध्यानात ठेव. चकवा लागला तर चपला उलट्या घाल. डावी उजव्या पायात, उजवी डाव्यात."

मी निघाले. डोक्यावर दुरडी, हातात बॅटरी, तोंडानं देवाचं नाव. काळोख तर असा! पुढं मोरेवस्तीचे दिवे. झपाझप चालले. ओढ्यात उतरले, वर चढले, मान वर केली, आणि मोरेवस्ती अंधारात!

अरे देवा. मागं वळले. तर आपल्या वस्तीवर दिवे! म्हटलं आली लाइट, चला घरी. पळत निघाले. वीस पावलं गेले नाही तोच वस्ती अंधारात. आणि मोरेवस्तीवर पुन्हा लखलखाट!

असं तीनदा झालं बघा. तीनदा! इकडं पळाले की तिकडं लाइट, तिकडं पळाले की इकडं लाइट. आणि दर वेळी वाटेत तोच वाकडा खांब. तोच बांबू, लोंबत्या तारेला आमच्या ह्यांनीच लावलेला, निळ्या दोरीनं बांधलेला. मोरेवस्तीच्या वाटेवरपण तोच बांबू, घरच्या वाटेवरपण तोच. म्हटलं, सारिके, लागला तुला चकवा.

चपला? आठवतंय कुणाला! बॅटरी मिणमिणली, विझली. लाइट नाही, तरी डीपी घूंऽऽ करत होती. मग त्या घूंऽऽ मधनं आवाज आला. अगदी ह्यांचा आवाज!

"सारिका..."

मी दुरडी घट्ट धरली.

"सारिका, दमलीस ना? आण दुरडी इकडं. ठेव माझ्यापाशी. बघ कशी ऊब आहे."

आणि खरंच ऊब होती गं! चुलीसमोर बसल्यासारखी. अंगाला लागत होती. मला कळत होतं, हा आमचा माणूस नाही. लग्न झाल्यापासून ह्यांनी मला नावानं हाक मारलेली नाही. "अगं ए" नाहीतर "आर्वीची आई". पण पोटात एकच, अंडी गार होतायत, अंडी गार होतायत. पाय आपोआप निघाले. एक पाऊल. दोन पावलं. लोंबती तार डोक्यावर आली. आपण वळणीवरून लुगडं ओढतो ना, तशी ती खाली येत होती. दुरडी उतरवायला मी दोन्ही हात वर केले...

चिव.

ऐकलंत? माझ्या डोक्यावर! अंड्याच्या आतनं!

चिव. चिवचिव.

आर्वी तेव्हा रात्री दचकून रडायची ना, अगदी तसं. अंगावर असा काटा आला! हात खाली घेतले. आणि आठवल्या चपला! दुरडी डोक्यावर, भूत समोर, आणि मी एका पायावर उभी राहून चपला बदलतेय. हसू नका मेल्यांनो, तुम्ही असता तर कळलं असतं! डावी उजव्यात, उजवी डाव्यात. आणि फटाक फटाक, बदकासारखी पळाले.

पन्नास पावलं गेले असेन. आणि लाइट आली.

सगळीकडं एकदम! वस्तीवर, मोरेवस्तीवर, मळ्यामळ्यात. बल्ब पिवळे नव्हते, जादा दाबानं पांढरेफटक! आणि विहिरींवरच्या मोटारी. आपल्याकडची रीत माहीत आहे ना? मोटारीला ऑटो लावून ठेवायचा, लाइट आली की ती आपली आपण सुरू. उठायला कोण जाणार? सत्तावीस मोटारी एका क्षणात भूंऽऽ!

म्हातारी डीपी किती ओढणार? धडाऽऽम!

निळा जाळ. उकळतं तेल चहूकडं उडालं. बांबू मोडला. आणि ती तार, सळसळत, ठिणग्या टाकत, पडली. कुठं? मी हात वर करून उभी होते, बरोब्बर तिथं!

मग सगळीकडं काळोख, मोरेवस्तीवरपण. घूंऽऽ पण बंद.

मी वळूनही बघितलं नाही. लांबूनच जालिंदरभाऊंना फोन केला, तार पडलीय, वरनं बंद करा. आणि घर गाठलं.

पण अंड्यांचं काय? मी उंबऱ्यावर बसून रडायला लागले. तशा आत्याबाई उठल्या. "रडती काय? बोलव बायकांना. ओट्या कशाला दिल्यात देवानं?"

धडाम ऐकून सगळ्या बाहेर आल्याच होत्या. आत्याबाईंनी एकेकीच्या ओटीत पाच पाच अंडी घातली, पदर खोचायला लावला. बारा जणी, साठ अंडी! इथंच, या ओट्यावर भिंतीला टेकून बसलो. खोकायची चोरी, उठायची चोरी. या आपल्या शेजारच्या कौसाबाई तर घोरत होत्या, पण हात ओटीवर!

पहाटे पहिली कौसाबाईच किंचाळल्या. "अगं बया, मला टोचतंय!" मग दुसरी. मग तिसरी. उजाडेपर्यंत ओटीओटीत चिवचिवाट. ह्यांचा टेम्पो दारात आला, तर बारा बायका पोटावर हात धरून हसतायत. चौपन्न पिल्लं निघाली, चौपन्न!

सकाळी जालिंदरभाऊ आले. विचारलं, "कुणाकुणाचा ऑटो चालू होता?" सगळे गडी आभाळाकडं बघायला लागले. आमचे हेपण.

तर बाळांनो, डीपीच्या वाटेनं जायचं नाही. दिवसा नाही, रात्री तर नाहीच. तार लोंबताना दिसली तर बांबू लावायचा नाही, लांब राहून मोठ्यांना सांगायचं. ती डीपी तर भंगारात गेली. मग आता चकवा कुठं राहतो? जिथं ऑटो चालू ठेवलाय ना, त्या मळ्यात.

का गं दुर्गा, उठलीस का? तुमचा ऑटो चालू राहिलाय? अगं थांब, एकटी नको जाऊ. कौसाबाईंना घे बरोबर. आणि पुलावरनं जा!