जुन्या झाडाशेजारी

बसा, रोपांच्या प्रयोगशाळेतल्या रांगेत कानावर पडलेलं सांगतो. एक म्हातारबुवा संत्र्याची फांदी घेऊन खिडकीशी उभे होते.

"ताई, आमच्या हिनं लावलेलं झाड. ती गेली, आता यालाही रोग लागलाय."

"आजोबा, याचं कलम उबेत वाढवू. मग शेंड्याचं मोहरीएवढं टोक कापून बाटलीत वाढवू. त्या टोकापर्यंत रोग पोचलेला नसतो."

"माझ्या शेंड्यावर तर केसही टिकले नाहीत! पण झाड तेच येईल ना?"

"अगदी तेच. फक्त जुनं तोडा. नाहीतर मावा कीड त्याचा रोग नव्याला देईल."

"तोडू? अहो, सकाळचा चहा मी त्याच्याच संगतीनं पितो. घरात दुसरं आहे कोण?"

"मग नवं लावणार कुठं?"

"तुमच्याच आवारात लावा, ताई. मी अधूनमधून बघायला येईन. येऊ ना?"