आजार कोणता ते कळवावं

हॅलो?… हो, बोलतोय… हो, माजी विद्यार्थ्यांच्या वार्षिक अंकात गेलेल्यांची चरित्रं मीच लिहितो. आपण कोण?

कोणतं पत्र?… नऊ वर्षांपूर्वीचं? अहो, नऊ वर्षांपूर्वीचं पत्र आता कुठून… नाही. मला नाही मिळालं.

नाही म्हटलं ना… तुमच्या मिस्टरांनी पाठवलं असेल, मी कुठे नाही म्हणतोय? टपालात गहाळ झालं असेल… कार्बन कॉपी सापडली? त्यांच्या कपाटात? हं… वाचा की. मी कोण अडवणारा.

"आपल्या अंकात माझ्या निधनाचं वृत्त वाचलं." बरं… "अल्पशा आजाराने असं आपण लिहिलं आहे." हो, हो… ऐकतोय ना, "तरी आजार कोणता ते कळवावं, म्हणजे काळजी घेता येईल"…

आहे… आहे मी फोनवर… हो. मिळालं होतं.

पाठ आहे, हो. नऊ वर्षं टेबलाच्या खणात पडलंय, पाठ नाही होणार?… म्हणा खोटारडा. म्हणा, वहिनी… बरं, नाही म्हणत वहिनी. बाई म्हणतो.

उत्तर काय देणार होतो मी?… अहो, एका वर्गात होतो आम्ही. पदार्थविज्ञानात ते पहिले आले आणि मी पंधरावा. ते मला ओळखतसुद्धा नसतील… ओळखत होते? कसे काय?… ग्रंथालयात बसणारा. हं. तिथेच बसून राहिलो पुढे, नोकरी म्हणून.

ऐका ना. जिवंत माणसाला मी साठ शब्दांत पोचवलं, आणि त्याने वर थट्टा करून पाठवली. चार शिव्या दिल्या असत्या तर दोन ओळींची माफी लिहून सुटलो असतो. थट्टेला काय लिहायचं ते सुचेना… हो, आठ दिवस सुचेना. मग महिना झाला. मग लाज वाटायला लागली… नऊ वर्षं, हो. मोजता येतं मला.

छापायला हवा होता खुलासा, मान्य आहे. नाही छापला. ते सदर काढून घेतलं असतं माझ्याकडून… बरोबर, तुम्हाला काय त्याचं.

काय?… कधी?… गेल्या महिन्यात गेले. नाही, मला कोणी… मला कोण कळवणार? मंडळाच्या चिटणीसांना कळवलंत? काय म्हणाले ते?

"एका माणसाचं एकदाच छापतो." हो… आहे तसा नियम… मीच केलाय.

थांबा. मी मारलं? मी? आता माझंही ऐका. अंक तीन वर्षं लागोपाठ परत आला की त्या माणसाचं कार्ड जिवंतांच्या खोक्यातून काढायचं, अशी पद्धत आहे. चूक असेल, पण पद्धत आहे. त्यांचा तीनदा परत आला. वेष्टनं जपून ठेवलीत मी. थांबा… हे बघा, तिन्हींवर एकच वाक्य. "या पत्त्यावर या नावाचं कोणी राहत नाही." निळ्या शाईत, सुवाच्य. पोस्टमन इतकं ठाशीव लिहीत नाही. बाईचं अक्षर आहे हे… हॅलो?

मघापासून मला कोर्टात उभं केलंत. बोला की.

हं… अंक आला की आठ दिवस धड जेवायचे नाहीत. हं… पेन्सिलीने खुणा? कोण संचालक झाला, कोण परदेशी गेला… आणि मग तुमच्याशीही बोलायचे नाहीत… म्हणून परत करत होतात. त्यांना न सांगता… मग तो निधनाचा अंक त्यांनी पाहिला कुठे?… कचेरीत कोणीतरी नेऊन दाखवला. हसले असतील सगळे… ते स्वतःच हसले?

नाही, चरित्रातलं "उच्च पदावर" माझंच. कार्डावर नुसतं पाणीपुरवठा खातं होतं. उच्च पद मी सगळ्यांनाच लावतो. काय करत होते मग?

गळती शोधायचे म्हणजे?… लोखंडी कांब रस्त्याला टेकवायची, दुसरं टोक कानाला… पहाटे, रहदारी सुरू व्हायच्या आत. किती वर्षं?… चाळीस. आणि पदवीला पहिला आलेला… नाही हो, हिणवत नाहीये. सांगा ना… आवाजावरून सांगायचे, नळ कुठे फुटलाय आणि किती हात खाली. खणलं की तिथेच निघायचं… दरवेळी नाही? बरं, बहुतेक वेळा.

आणि तुम्हाला लाज वाटायची… मी नाही म्हणालो. तुम्हीच म्हणालात आत्ता.

उत्तर लिहिलंय मी. अकरा वेळा लिहिलंय… पाठवलं नाही, कारण पुरं होत नव्हतं. वाचतो. "आपणास कोणताही आजार नव्हता. आजार मी लावला." एवढंच आहे. यापुढे कधी गेलंच नाही.

चिटणीस चरित्र छापत नसतील तर हे छापू. त्यांच्या पत्राला सदरातून उत्तर… हो, माझ्या नावानिशी… दाखवणार नाही चिटणीसांना. ते अंक छापून आल्यावरच वाचतात. मजकूर मी थेट छापखान्याला पाठवतो, आजच जातोय चारच्या टपालाने… काढून घेतील सदर, हो. तुम्ही नका वाईट वाटून घेऊ… नाही वाटत. बरं.

सावकाश सांगा, हात चालत नाही भराभर. "चाळीस वर्षं गळती शोधण्याचं काम केलं." पुढे?… "कांबीचं टोक कानाला लावून." बरं… अंक कोणी परत केले, ते नाही घालत मी… घाला?… विचार करा, बाई, अंक अकराशे घरांत जातो… बरं. "अंक मी परत करत होते, त्यांना न सांगता. पत्नी." असंच?… असंच.

ठेवता का आता?… विश्वास नाही? मग धरा, मोबाइलच आहे हा. चप्पल घालतो… जिना आहे… गुडघा, दुसरं काय… नाही, दमलो नाही, मी असाच श्वास घेतो…

माफ करणार नाही? मी मागितली कुठे?… मीही नाही करणार तुम्हाला. तीनदा लिहिलंत, एकदा नाही… हो, आणि मी एकदाही नाही लिहिलं. फिटंफाट नाही होत, मला कळतं.

आलो कोपऱ्यावर. शिंप्याच्या दुकानापुढे पेटी आहे… तिकिटं आहेत लावलेली… थांबा जरा… हो, टाकतोय. घाई करू नका.

टाकलं.

खरंच टाकलं… नाही, आता परत नाही काढता येणार. हात मनगटापर्यंतच जातो. आत्ताच घालून बघितला… हो… ठेवा.