ख्रिस्तोफरसमोरचं दार

—या चर्चच्या छपरावरचे शिशाचे पत्रे चोरीला गेले त्याच वर्षी पहिलं कुलूप आलं, असं मला आठवतंय. आता माझ्या आठवणीवर किती भिस्त ठेवायची ते तुम्हीच ठरवा. जन्मभर मध्ययुग शिकवलं आणि परवा चष्मा फ्रीजमध्ये सापडला. ते ड्रिल जरा खाली ठेवा हो! आधी समोर बघा, उत्तरेची भिंत. ओल नव्हे ती, भिंतीवर रंगवलेला संत ख्रिस्तोफर आहे — सहाशे वर्षांहून जास्त काळ नदीत उभा, खांद्यावर बाळ येशू. मधे चर्चमध्ये संतांची चित्रं नकोत म्हणून राजाच्या माणसांनी त्याच्यावर चुना फासला, तीनशे वर्षांनी एका हौशी पाद्र्यानं तो खरवडला आणि खरवडता खरवडता संताचं नाकही नेलं — जीर्णोद्धार म्हणे! आणि दारासमोरच का काढला? तर शेतावर जाणाऱ्याला उंबऱ्यातूनच दिसावा म्हणून. सकाळी ख्रिस्तोफर दिसला की त्या दिवशी अवचित मरण नाही, अशी समजूत. मग दार उघडं पाहिजे की नको? पाहिजेच! पण चर्चच्या समितीला कोण सांगणार? तिथला डेस्मंड उठून म्हणतो, 'प्रोफेसर, विमा कंपनी संतांना ओळखत नाही.' झालं, सगळे हसले, केक खाल्ला, कुलपाचा ठराव पास.

माझा विश्वास? छे, माझा कसला — म्युरिएलचा होता, माझ्या बायकोचा. पाव आणायला जाताना रोज डोकवायची, मान तुकवायची. 'काय म्हणतो तुझा नावाडी?' मी विचारायचो. 'तुझ्यापेक्षा कमी बोलतो,' म्हणायची. आणि ते पहिलं कुलूप लागलं त्याच आठवड्यात, शनिवारी दुपारी, बटाटे सोलता सोलता — गेली. अहो, बटाटा हातातच होता. 'तुझ्या कुलपानं मारलं तिला,' असं डेस्मंडला भर सभेत म्हणालो मी, भांडून भांडून ते कुलूप काढायला लावलं, वर्षानुवर्षं सकाळी दार उघडायला स्वतः येत राहिलो — आणि आता हे तुमचं आपोआप लागणारं! नको, पाणी नको, बरा आहे मी.

लावा, लावा तुम्ही. तुमचा काय दोष? माझं ऐकत बसलात तर दिवस जाईल. फक्त डेस्मंडच्या कानावर घालू नका — त्या शनिवारी त्याच्या पुतणीचं, फिलिपाचं, इथेच लग्न होतं, मला कुठलं भान असायला. मागच्या वर्षी ती कॅनडाहून आली तेव्हा तिला विचारलं, ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंनाही विचारून खात्री केली: फुलं लावायला त्या दिवशी दार सकाळपासून सताड उघडं होतं, आणि म्युरिएल उंबऱ्यात आली होती, भिंतीकडे बघून मान तुकवून गेली होती.