काकूच्या परातीतलं विमान

तुमी भुताखेताच्या गोष्टी सांगून राह्यले म्हणून सांगतो, नाही तर हे मी घरातही बोलत नाही. सत्तरनंतरची गोष्ट, आमच्या कामरगावची. मी अकोल्याच्या जुन्या बाजारातून तुकडे जोडून बनवाचं प्लास्टिकचं विमान आणलं होतं. लढाईतलं विमान, चाकाच्या जागी दोन होड्या, म्हणजे पाण्यावर उतरणारं. आत बोटाच्या पेराएवढा पायलट. त्याले मी सीटवर चिकटवला अन् वरून काचही चिकटवून पक्की बंद केली.

काकूनं ते पाह्यलं. आमचे काका इंग्रजांच्या लढाईत जहाजावर गेले ते परत आलेच नव्हते.

"हे बुडलेल्या माणसाले आणाले जाते काय रे?" तिनं विचारलं.

"हो काकू, पाण्यातून उचलून आणते," मी म्हटलं.

अखाजीले, म्हणजे अक्षय्य तृतीयेले, घरोघरी वारलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात, ताट वाढतात. काकू दरसाल काकासाठी वाढे. त्या साली तिनं घागरीजवळ पाण्यानं भरलेली परात ठेवली अन् विमान त्यात सोडलं.

भर दुपारी आमी जेवाले बसलो, अन् परातीतलं पाणी आपोआप हललं. मी वाकून पाह्यलं. काच जशीच्या तशी बंद होती, पण आतली सीट रिकामी.

"काकू, पायलट कुठी गेला?" मी कसंबसं विचारलं.

काकूनं वळूनही पाह्यलं नाही. काकाच्या ताटाशेजारी ती दुसरं ताट वाढून राह्यली होती.

"हे कोणासाठी?"

"तुह्या काकाले एवढ्या दुरून घेऊन आला तो," काकू म्हणाली. "त्याले उपाशी धाडू काय?"